नीट दुसऱ्यांदा दिली आणि मार्क कमी आले : सातारा-सांगलीच्या घरांसाठी पुढची वाट

२०२५ च्या नीटच्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी माझा भाचा गोडोलीत आमच्याकडे आला. चपला दारात काढल्या आणि तिथेच पायरीवर बसला. हातात मोबाईल, स्क्रीनवर ५१७. आदल्या वर्षी, २०२४ ला, त्याला ६११ होते. वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा दिली आणि चौऱ्याण्णव मार्क घसरले. त्याची आई, म्हणजे माझी नणंद, विट्याहून फोनवर एकच विचारत होती, "वहिनी, आता संपलं का हो सगळं?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर जूनमध्ये हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो, कधी साताऱ्यातून, कधी कराड-वाळव्याहून, कधी मिरज-तासगावकडून. रिपीट केलं आणि मार्क पहिल्यापेक्षा कमी आले, तर एमबीबीएसची आशा उरते का? ज्यांच्या घरात ही प्रक्रिया पहिल्यांदाच होतेय त्यांच्यासाठी, ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने, सगळं इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी मार्क बाजूला ठेवा, रँक बघा

हे पहिलं काम आहे आणि बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं. नीटला जागा मार्कांवर मिळत नाही, रँकवर मिळते. पेपर सोपा निघाला की सगळ्यांचेच मार्क वाढतात, अवघड निघाला की सगळ्यांचेच पडतात. म्हणून दोन वेगळ्या वर्षांचे मार्क शेजारी ठेवून वजाबाकी केली तर त्यातून काहीच कळत नाही.

२०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं पाहिलीत तर हे लगेच पटेल. २०२४ ला ६०० किंवा त्याहून जास्त मार्क मिळवणारी मुलं होती ८१ हजारांवर. ६५० च्या वरच ३० हजार होती. २०२५ ला फिजिक्सने सगळ्यांचा घाम काढला, देशात पहिला आलेल्याला ६८६ होते आणि ६०० च्या वर जेमतेम तेराशेच्या आसपास मुलं राहिली. ५५० च्या वरची सगळी धरली तरी साधारण बारा हजार, ५०० च्या वरची एक्कावन्न हजारांच्या आसपास.

आता भाच्याचं गणित पुन्हा मांडा. २०२४ ला ६११ म्हणजे ऑल इंडिया रँक सत्तर हजारांच्या घरात. २०२५ ला ५१७ म्हणजे पस्तीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे. मार्क चौऱ्याण्णवने उतरले आणि रँक निम्म्यावर आला. पोरगा पायरीवर डोकं धरून बसला होता आणि खरं तर तो आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी पुढे होता. स्कोअरकार्डवर खाली रँक छापलेला होता, पण तो त्याने वाचलाच नव्हता.

तेव्हा स्कोअरकार्ड उघडून कागदावर चार गोष्टी लिहून काढा : या वर्षीचा ऑल इंडिया रँक, कॅटेगरी रँक, पर्सेंटाइल (म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत, तो आकडा) आणि मार्क. मार्क मुद्दाम शेवटी लिहा. शेजारी गेल्या वर्षीच्या याच चार गोष्टी लिहा. रँक पुढे सरकलाय का मागे, ते बघा. पुढे गेला असेल तर "मार्क कमी आले" हे वाक्य घरात बंद करा. मागे गेला असेल तर ते मान्य करून पुढचं वाचा, कारण तिथूनही वाटा आहेत.

पात्रतेची रेषाही पर्सेंटाइलवरच ठरते. खुल्या गटाला ५० वा पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसींना ४० वा, खुल्या गटातल्या दिव्यांगांना ४५ वा. म्हणूनच ती रेषा २०२४ ला खुल्या गटासाठी १६२ मार्कांवर होती आणि २०२५ ला १४४ वर आली. पण 'पात्र' आणि 'जागा मिळेल' यांत फार अंतर आहे. २०२५ ला पात्र ठरलेली मुलं बारा लाखांहून जास्त होती.

गेल्या वर्षीचा जास्तीचा स्कोअर चालेल का?

नाही. भारतातल्या एमबीबीएस, बीडीएस (दंतवैद्यक), आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) प्रवेशाला त्या वर्षीचीच नीट चालते. दोन वर्षांतला चांगला निकाल निवडायची सोय नाही. सरासरीही होत नाही आणि रिपीटर म्हणून मार्क कापलेही जात नाहीत. प्रवेशाच्या यादीत पहिल्यांदा बसलेला आणि तिसऱ्यांदा बसलेला यांत काहीही फरक करत नाहीत. किती वेळा परीक्षा द्यायची याला मर्यादा नाही. वयाची वरची अट २०२२ पासून काढलेली आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय सतरा पूर्ण हवं, एवढंच.

जुना स्कोअर एकाच ठिकाणी कामाला येतो. परदेशात एमबीबीएस करायचं असेल तर नीटची पात्रता निकालापासून तीन वर्षं धरतात. म्हणजे या वर्षी पात्रतेच्या खाली घसरलात पण गेल्या वर्षी पात्र होतात, तर तो दरवाजा उघडा आहे. मात्र तिकडे जायचं तर अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि त्याच देशात वर्षभराची इंटर्नशिप असलेला हवा. परत आल्यावर इथली लायसन्स परीक्षा आणि पुन्हा इथली इंटर्नशिप आहेच. हे सगळं लेखी तपासल्याशिवाय एजंटाच्या हातात पासपोर्ट देऊ नका.

तुमच्यासाठी जागा नेमक्या कुठे आहेत

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात जातात, त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, भरते. उरलेल्या ८५ टक्के महाराष्ट्राच्या, त्या मुंबईचा सीईटी सेल, म्हणजे राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, भरतो. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. नीटचा फॉर्म भरला म्हणजे झालं, असं समजून राज्याची नोंदणी विसरलेली मुलं मी पाहिली आहेत. निकाल लागला की दोन्ही संकेतस्थळं रोज सकाळी आणि संध्याकाळी उघडायची, हा नियमच करा.

आपल्याकडची कॉलेजं बघू. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं, दोनशे जागा, मिरजेच्या जोडीला सांगलीचं सिव्हिलही त्याच्याकडे. साताऱ्याचं शासकीय महाविद्यालय २०२१ ला सुरू झालं, शंभर जागा. कोल्हापूरचं राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं आहेच. शंभर जागांतल्या पंधरा ऑल इंडियाला गेल्या की साताऱ्यात उरतात पंच्याऐंशी. त्यातून एससी १३ टक्के, एसटी ७, व्हीजे-एनटीचे (विमुक्त-भटक्या जमातींचे) चार गट मिळून ११, ओबीसी १९, एसईबीसी (मराठा समाज) १०, ईडब्ल्यूएस १० असं वजा करत गेलात की खुल्या गटाला साधारण पंचवीस. त्यातही ३० टक्के मुलींसाठी. "आमच्याच गावात कॉलेज आहे, मिळेल की" असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हे गणित करून दाखवते. गावातल्या मुलाला गावाच्या कॉलेजात वेगळा वाटा नसतो. पूर्वी विभागानुसार ७०:३० ची वाटणी होती, तीही २०२० ला गेली. आता पूर्ण महाराष्ट्र एक धरून यादी लागते. त्याचा फायदा असा की गोंदिया, नंदुरबार, धाराशिवचं सरकारी कॉलेजही तुमचंच आहे.

डोंगरी भागासाठी थोड्या राखीव जागा असतात. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या मुलांनी माहितीपुस्तिकेतली ती अट शब्दन् शब्द वाचावी. रहिवास आणि शाळा दोन्हींचे पुरावे लागतात आणि ते आयत्या वेळी जमत नाहीत.

खासगी कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून भरतात आणि १५ टक्के संस्थेच्या कोट्यातून. फी किती, ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. संस्थेच्या कोट्याची फी त्याच्या कितीतरी पट असू शकते. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठाचं कॉलेज यांची गोष्ट निराळी. ती अभिमत विद्यापीठं आहेत. तिथले प्रवेश एमसीसीकडून होतात, महाराष्ट्राचं डोमिसाइल तिथे उपयोगाचं नाही आणि फी सर्वसाधारण शेतकऱ्याच्या, नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची आहे. रोज एसटीतून ज्या कमानीसमोरून जातो ते कॉलेज आपलंच वाटतं, पण फॉर्म भरताना ते दिल्लीच्या यादीत शोधावं लागतं.

रँकवरून अंदाज कसा काढायचा

मोबाईलवर 'कॉलेज प्रेडिक्टर' नावाची पन्नास पानं उघडतील. बरीचशी तुमचा नंबर मिळवण्यासाठीच असतात, आणि एकदा नंबर दिला की महिनाभर फोन थांबत नाहीत.

त्याऐवजी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची निवडयादी पीडीएफमध्ये असते, ती उतरवून घ्या. यादीत प्रत्येक मुलाचा ऑल इंडिया रँक, त्याची कॅटेगरी, कोणत्या कोट्यातून जागा मिळाली आणि कॉलेज असं दिलेलं असतं. आम्ही भाच्यासाठी जेवणाच्या टेबलावर ती छापील यादी पसरली होती. त्याच्या हातात पट्टी, माझ्या हातात लाल पेन. फक्त रँक आणि कोटा वाचत खाली गेलो. एकेका सरकारी कॉलेजात खुल्या गटातून शेवटचा मुलगा कोणत्या रँकला लागला, ते वहीत लिहिलं. दोन तास लागले. पण त्या दोन तासांत त्याचा चेहरा बदलत गेला, कारण त्याचा रँक काही कॉलेजांच्या शेवटच्या नावाच्या वर बसत होता आणि ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं.

तुम्हीही असंच करा. पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे आकडे वेगळे लिहा, कारण शेवटच्या फेरीपर्यंत रँक बराच मागे सरकतो. आपल्या कॅटेगरीचा आणि खुल्या गटाचा, असे दोन्ही आकडे घ्या. मुलगी असेल तर मुलींच्या राखीव जागेचाही. गेल्या वर्षीचे मार्क मात्र अंदाजाला अजिबात वापरू नका. २०२४ चा कटऑफ २०२५ ला लावून कित्येक घरांनी विनाकारण रडून घेतलं.

अंदाज तीन वर्गांत लिहा : नक्की मिळेलसं वाटतं, काठावर आहे, आवाक्याबाहेर आहे. काठावरच्या मुलांनी सगळ्यात जास्त काळजी घ्यायची, कारण त्यांचा निकाल कागदपत्रांवर आणि पसंतीक्रमावर फिरतो.

कागदपत्रं : इथे जागा हातची जाते

तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. तिचा रँक ओबीसीतून सरकारी कॉलेजाला पुरेसा होता. तपासणीच्या दिवशी लक्षात आलं, नॉन क्रिमीलेअरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चलाच संपली होती. वडील द्राक्षबागेच्या कामात, दाखल्यावरची तारीख कुणी पाहिलीच नाही. नवीन दाखला वेळेत निघाला नाही आणि ती खुल्या गटात गेली. त्या वर्षी तिला एमबीबीएस मिळालं नाही. दोन वर्षांचा अभ्यास आणि एक तारीख.

म्हणून निकालाची वाट न बघता, परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून फाइल तयार करायला घ्या. डोमिसाइल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका. शाळा सोडल्याचा दाखला. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. चालू मुदतीचं नॉन क्रिमीलेअर, ते एसईबीसीलाही लागतं. ईडब्ल्यूएसवाल्यांना त्यांचा दाखला. वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड. आणि रिपीटर असल्यामुळे गॅपचं प्रतिज्ञापत्र. मधल्या वर्षात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, हे त्यात लिहायचं असतं. तेही आधीच करून ठेवलेलं बरं.

जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकायचा असतो. तो राहिला असेल तर आज जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जा, आणि पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी शोधायला गावाकडच्या चुलत्यांना आज फोन करा.

आमच्या भागात एक घोळ हमखास होतो, तो मराठा कुटुंबांचा. राज्याच्या यादीत एसईबीसीचं आरक्षण आहे, पण दिल्लीच्या यादीत एसईबीसी नाही. तिथे तुम्ही खुल्या गटात, किंवा केंद्राचे निकष बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएसमधून. ओबीसींनाही दिल्लीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रिमीलेअर वेगळं काढावं लागतं, राज्याचं तिथे चालत नाही. सेतूतल्या माणसाला "केंद्राच्या नमुन्यातलं द्या" असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा.

अजून एक गोष्ट राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला गेलेल्या मुलांसाठी. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी. काही ठरावीक अपवाद सोडले, तर राजस्थानात बारावीचा फॉर्म भरलेल्या मुलाचा राज्य कोटा जातो. क्लास कुठेही लावा, पण बारावीचं बोर्ड आणि केंद्र महाराष्ट्रातलं आहे ना, एवढं पाहा. लातूरला गेलेल्यांना ही अडचण नाही.

शिवाय बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के हवेतच. नीटच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष केलेली मुलं इथे अडकतात.

पसंतीक्रम

जे कॉलेज हवं ते वर, कमी हवं ते खाली, इतकंच. "आपल्याला मिळणार नाही" म्हणून वरचं कॉलेज गाळू नका. वर लिहिल्याने खालचं जात नाही. मात्र जिथे जाणारच नाही असं कॉलेज, म्हणजे फी परवडणार नाही असं, यादीत लिहूच नका.

राज्याच्या प्रक्रियेत पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. खालच्या पसंतीची मिळाली तर ती घेऊन पुढच्या फेरीत वरच्या कॉलेजाची वाट बघता येते. तेव्हा स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म समजून घ्या. तो भरला म्हणजे "मला हेच पुरे, पुढे हलवू नका" असं तुम्ही सांगितलं. घाईत, कॉलेजातल्या क्लार्कने पुढे केला म्हणून सही केली आणि पुढच्या फेरीतली मिरजेची जागा हुकली, असं होऊ शकतं. उलट मिळालेल्या कॉलेजावर समाधान असेल तर तो भरायलाच हवा, नाहीतर पुढच्या फेरीत आपोआप दुसरीकडे जाल आणि आधीची जागा परत मिळत नाही.

सरकारी एमबीबीएसनंतर महाराष्ट्रात एक वर्ष सेवेचा बाँड आहे, नाही केली तर दहा लाख भरावे लागतात. घाबरण्यासारखं काही नाही, पण सही करायच्या आधी मुलाला माहीत असू द्या.

फीचा हिशेब मार्कांइतकाच महत्त्वाचा

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खासगी कॉलेज लगेच नाकारू नका. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण फीचा अर्धा भाग मिळतो. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. अट एकच, प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून गेलात तर हे मिळत नाही. होस्टेल, मेस, अनामत रक्कम यात येत नाही, ती वेगळी धरा. ज्या घरी मुलगी आहे आणि रँक काठावर आहे, त्यांनी हा मुद्दा वाचून मगच खासगी कॉलेजं यादीत घालायची की नाहीत ते ठरवावं. मागच्या काही वर्षांत माझ्या वर्गातल्या दोन मुली याच वाटेने एमबीबीएसला गेल्या. दोघींच्या वडिलांनी आधी "आपल्याला नाही झेपायचं" म्हणून विषय बंद केला होता.

आणि याच काळात फोन येतात. "नीटमध्ये आमची ओळख आहे, मार्क वाढवून देतो." जून २०२५ मध्ये सीबीआयने अगदी असंच सांगून पैसे उकळल्याच्या प्रकरणात महाराष्ट्रातल्या दोघांना अटक केली होती. ओएमआर, म्हणजे गोल भरायची उत्तरपत्रिका, स्कॅन झाल्यावर मार्क वाढवणारा कुणीही नाही. फोन ठेवा.

रँकच मागे गेला असेल तर

इथे खोटा धीर देणार नाही. गेल्या वर्षी बीडीएस किंवा खासगी एमबीबीएस मिळत होतं, ते सोडलं आणि या वर्षी तेही हाताशी नाही, अशी वेळ येते. ती सोडलेली जागा परत येत नाही. घरात त्यावर महिनाभर बोलून कुणालाच काही मिळत नाही, मुलगा किंवा मुलगी मात्र आतून खचत जाते. झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं तुटलं असं दिसलं तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं.

मग कागद घ्या. नीटची प्रश्नपत्रिका घरी आणता येते आणि ओएमआरची प्रत मिळते. दोन्ही समोर ठेवून चुकलेला प्रत्येक प्रश्न तपासा. भाच्याची आम्ही तपासली तेव्हा १३८ बरोबर, ३५ चूक, ७ कोरे असं निघालं. पस्तीसपैकी नऊ प्रश्न असे की ज्यांत "अयोग्य विधान कोणतं" विचारलं होतं आणि त्याने योग्य विधान भरून ठेवलं होतं. एका चुकीला चार मार्क मिळत नाहीत आणि एक कापला जातो, म्हणजे पाच. नऊ प्रश्नांचे पंचेचाळीस मार्क, सगळे येणाऱ्या प्रश्नांतले. तो ५६२ चा मुलगा होता. त्याने तेव्हा प्रश्नपत्रिकेवर 'अयोग्य' या शब्दाभोवती नऊ वेळा गोल केला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

तिसऱ्यांदा बसायचं की नाही, हे या कागदावरून ठरवा. नातेवाईकांच्या बोलण्यावरून ठरवू नका. चुका वाचण्यातल्या, वेळेच्या, ओएमआर भरण्यातल्या असतील तर आणखी एक वर्ष देण्यात अर्थ आहे. फिजिक्सचे तेच धडे दोन्ही वर्षं कोरे गेले असतील, तर त्याच क्लासला, त्याच खोलीत, त्याच नोट्सवर तिसरं वर्ष घालू नये. काही बदलणार असेल तरच घाला. रँक दोन्ही वर्षं तीन-चार लाखांच्या पुढे असेल तर मी स्वतः पालकांना तिसरा प्रयत्न नको म्हणून सांगते. हे सांगताना मलाही जड जातं, पण एकोणीस वर्षांच्या मुलाची आणखी दोन वर्षं खोलीत बंद झालेली बघणं त्याहून जड आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांतच चांगल्या वाटा आहेत. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचा प्रवेश नीटवरूनच, पण अर्ज नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. दुधाच्या आणि शेळीपालनाच्या या पट्ट्यात जनावरांच्या डॉक्टरला काम शोधावं लागत नाही. खटावची माझी एक विद्यार्थिनी दोनदा नीट देऊन तिथे गेली. आज पहाटे चारला गोठ्यात उभी राहून अडलेली गाय सोडवते आणि तिच्या आवाजात मला कुठेही 'एमबीबीएस हुकलं' ऐकू येत नाही. बीएएमएससाठी साताऱ्यात आर्यांग्ल, सांगलीत वसंतदादांच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय, होमिओपॅथीसाठी मिरजेत गुलाबराव पाटील महाविद्यालय. आयुषच्या ऑल इंडिया जागांची समिती वेगळी, तिथेही वेगळी नोंदणी. फिजिओथेरपीही नीटवरून सीईटी सेलकडूनच होते, नर्सिंगला मात्र वेगळी सीईटी द्यावी लागते आणि तिचा फॉर्म नीटच्या निकालाआधीच निघून जातो.

एखादी जागा "तात्पुरती घेऊन ठेवू आणि पुन्हा नीट देऊ" असं ठरवत असाल तर आधी प्रवेश रद्द करण्याच्या अटी वाचा. ठरलेल्या तारखेनंतर मूळ कागदपत्रं परत मिळवताना फीचा प्रश्न उभा राहतो.

शेवटच्या फेऱ्यांपर्यंत जागे राहा

काठावरच्या मुलांच्या जागा बहुतेकदा तिसऱ्या आणि त्यापुढच्या फेरीत लागतात. तोवर घरचे दमलेले असतात, कुणीतरी दुसऱ्या कोर्सची फी भरून मोकळं झालेलं असतं. दोन फेऱ्यांमध्ये वेळ फार थोडा असतो. यादी रात्री लागते आणि दोन-तीन दिवसांत चंद्रपूरला किंवा जळगावला हजर व्हायचं असतं. मूळ कागदपत्रांची फाइल, प्रत्येकी पाच झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि फीची रक्कम खात्यात तयार ठेवा. शेतमालाचे पैसे यायचे असतील तर व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवा. सीईटी सेलला दिलेला मोबाईल नंबर मुलाचाच असू द्या आणि त्यात रिचार्ज आहे का, रोज बघा.

भाच्याला पहिल्याच फेरीत विदर्भातलं सरकारी कॉलेज मिळालं. यादी रात्री साडेदहाला लागली. नणंदेने विट्याहून विचारलं, "वहिनी, तिकडे थंडी असते का हो?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात ब्लँकेट घ्यायला गेली.